तांबडं निशाण

"निशाण कशाला हवंय? तोंडं नाहीत का आपल्याला?" नेल्डा कडाडली.

"निशाण लागेल," ऑर्विल म्हणाला आणि त्यानं खांब खड्ड्यात उभा केला. तांबडं फडकं आणि ते वर चढवायला दोरी. रानात माणसं दोन आणि थाट सगळा छावणीचा!

नेल्डानं कपाळावर हात मारला. रेल्वेचे जुने लाकडी ओंडके आडवे टाकून रेघ आखली होती. नेम धरणाऱ्यानं त्या रेघेमागं बसायचं. पुढं जायचं असेल तर जाणाऱ्यानं "थंड!" म्हणून ओरडायचं. बंदूकवाल्यानं बंदूक खाली ठेवून "थंड!" असं उत्तर द्यायचं, मगच पाऊल टाकायचं. ओक्लाहोमात हे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. त्यात आता पुढं जाणाऱ्यानं निशाणही चढवायचं, हे नवं खूळ.

आणि हे एकच असतं तरी चाललं असतं. गोळ्या अडवायच्या बांधाला तळ्याकाठची माती घे, लोण्यासारखी आहे, असं ती घसा फोडून सांगत होती. यानं ओढ्याकडची उचलली, सगळी दगडांनी भरलेली. गोळी मातीत रुतते आणि दगडावरून उलटी फिरते, हे काय याला ठाऊक नव्हतं? मग बसा चाळत! बांध टेकडीला टेकवून घाल, अर्धं काम वाचेल, असं म्हटलं. यानं तो उघड्या कुरणात घातला. टेबल सावलीत ठेव म्हटलं, तर नेमकं उन्हात. ट्रॅक्टर धडधडत असताना ऐकलं नाही, हे एक वेळ समजू शकतं. बंद असतानाही तेच. नुसतं "बरं, बरं" म्हणायचं आणि आपलंच घोडं पुढं दामटायचं. हा माणूस माझं ऐकतच नाही, हे तिनं फोनवर बहिणीला इतक्यांदा सांगितलं होतं, की जुनेललाही आता त्याचा कंटाळा आला होता.

खरं तर ही हौस दोघांची. ओळखच मुळी गावच्या नेमबाजीत झाली. तिनं त्याला हरवलं, बक्षिसाची टर्की कोंबडी पटकावली आणि वर त्यालाच ती घरापर्यंत वाहायला लावली. म्हातारपणी आपल्या रानात आपली जागा करू, संध्याकाळी दोघं बसून बार काढू, असं किती वर्षं बोलणं चाललं होतं. आता जागा तयार झाली आणि बोलणंच संपलं.

काल संध्याकाळी तिनं शेवटचं सांगून टाकलं होतं. "ऑर्विल, मी टल्साला जुनेलकडे चालले. कायमची." तो खिडकीतून बांधाकडं बघत होता. वळला नाही. बऱ्याच वेळानं वळला, तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि कुत्र्याला खायला घालायला बाहेर निघून गेला. मेल्याच्या तोंडून 'जाऊ नको' एवढंसुद्धा निघालं नाही! त्या दोन शब्दांवर ती राहिली असती. आज दुपारी जुनेल न्यायला येणार होती.

तरी हातातलं काम अर्धं टाकून जायचं म्हणजे नेल्डाच्या जिवावर येई. नेमाचे कागद तेवढे बांधावर ठोकायचे राहिले होते. तिनं हातोडी घेतली. निशाणाच्या दोरीला मात्र मुद्दाम हात लावला नाही.

"थंड!" ती ओरडली.

ऑर्विल टेबलाशी पाठमोरा, खोक्यातून काडतुसं काढत होता. उत्तर नाही.

"थंड म्हटलं ना!"

नाहीच. फुगून बसलाय. बस म्हणावं! ती ओंडका ओलांडून तरातरा निघाली. पहिला कागद ठोकला, दुसरा लावला आणि मागं धाडकन आवाज झाला.

बार नव्हता. खुर्ची उलटली होती. बंदूक टेबलावर आडवी पडली होती आणि ऑर्विल आपल्या दुखऱ्या गुडघ्यांसकट धावत येत होता. चेहरा पांढराफटक.

"बंदुकीच्या दुर्बिणीत तुझी पाठ दिसली!" त्याला धाप लागली होती. "चापावर बोट होतं माझं, नेल्डा! निशाण का नाही चढवलंस?"

नेल्डानं हातातली हातोडी नाचवली. "ओरडले मी! दोनदा ओरडले! पलीकडच्या गाईंनी माना वर केल्या! पण बायकोचं ऐकायचंच नाही असं ज्यानं ठरवलंय, त्याच्यापुढं..."

तो तिच्या ओठांकडं टक लावून बघत होता. तिचं बोलून झालं, तसा तो बांधाच्या मातीत मटकन बसला.

"ऐकत नाही असं नाही गं," तो म्हणाला. "ऐकूच येत नाही. बार काढताना बाप कानांत बोळे घालायचा नाही, मीही कधी घातले नाहीत; कान गेले. तू समोर असलीस की ओठांवरून कळतं. सांगितलं असतं, तर तू बंदूक हातातून काढून घेतली असतीस. मग आपली ही जागा कुठली व्हायला? म्हणून निशाण लावलं."

नेल्डानं वर पाहिलं. फाटकाशी जुनेलची गाडी वळताना दिसत होती. ऑर्विलची तिकडं पाठ होती.

"काल खिडकीपाशी तू काहीतरी म्हणालीस," तो म्हणाला. "मी वळलो, तर तू रडत होतीस. विचारायचा धीर झाला नाही. काय म्हणालीस?"

"काही नाही," ती गाडीकडं बघत पुटपुटली.

मग तिच्या लक्षात आलं. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली, त्याची हनुवटी वर उचलली आणि एकेक अक्षर सावकाश म्हणाली,

"काही नाही रे."