दोघींचे आवाज

बाळांच्या शब्दओळखीच्या चाचणीत आईनं मुलाला नकळतही खुणावू नये म्हणून रेवतीच्या कानांवर गाणी वाजणारे हेडफोन चढवले होते. मांडीवरच्या सव्वा वर्षाच्या निहारला मात्र स्पीकरवरून आधी रेकॉर्ड केलेले शब्द ऐकू येत, कधी रेवतीच्या आवाजात, कधी त्याला सांभाळणाऱ्या शेवंतामावशींच्या. समोरच्या दोन चित्रांपैकी नेमक्या चित्राकडे तो किती चटकन बघतो, ते कॅमेरा टिपत होता.

चाचणी संपल्यावर संशोधक मुलगी हसून म्हणाली, "मावशींच्या आवाजात शब्द पुरा व्हायच्या आतच बघतो हा. तुमच्या आवाजात जरा घुटमळतो."

रेवतीला आत इंगळी डसली. नऊ महिने पोटात वाढवला, आणि कान तेवढे दुसरीचे झाले.

बाहेर बाकावर मावशी दुपट्याची घडी घालत होत्या. त्यांना बघताच निहारनं झेप घेतली. रेवतीनं त्याला आवळून धरलं.

"ताई, कुणाचं लवकर कळलं गुलामाला?"

"माझं," रेवती म्हणाली.

मावशींचा चेहरा उजळला. "कळणारच. तुम्ही ऑफिसात असता तेव्हा रोज तुमचा फोटो दाखवून 'आई' म्हणायला शिकवते त्याला."

निहारनं पुन्हा हात पसरले. रेवतीनं मिठी सोडली.