निळ्या झाकणाची बशी

तिसऱ्यांदाही निळ्या झाकणाच्या बशीत स्नायू तयार झाले नाहीत.

सत्यशीलाने सूक्ष्मदर्शकाची काच पुसून पुन्हा डोळा लावला. तेच. गोल गोल पेशींची नुसती गर्दी.

"दहा दिवस देतो," तिचे मार्गदर्शक सर म्हणाले. "नाही जमलं तर हा विषय बंद. आपल्या गावी, फुलसावंगीला परत जायचं."

त्या वर्षी यवतमाळात दिल्लीची पथकं येत, कापूस बघत, फोटो काढून जात. कॉलेजच्या या खोलीत मात्र सत्यशीला आणि काचसामान धुणाऱ्या बेबीताई, एवढ्या दोघीच.

"काय बिघडलं वं?" बेबीताईंनी विचारलं.

"लाल झाकणात कॅन्सरचा जीन टाकला आहे, ताई. त्या पेशी काहीच बनत नाहीत, नुसत्या वाढतात. निळ्यातल्या निरोगी आहेत. त्यांचा खुराक तोडला की वाढणं सोडून, एकमेकींना जुळून त्यांचा स्नायू व्हायला पाहिजे. होत नाही."

"मंग आमच्या रवीत लाल झाकणवालाच माल हाये. तीस वर्षांचा झाला, वाढला नुसता, बनला काहीच नाही."

"त्याचा खुराक तोडून पाह्यला काय?" सत्यशीलाने विचारलं.

"आई हाये मी," बेबीताई म्हणाल्या आणि स्पिरिटने हात पुसू लागल्या. हातांच्या स्वच्छतेत त्या सरांचंही ऐकत नसत.

सत्यशीलाने सगळं बदललं. बश्या नव्या, पेशी नव्या. लोडशेडिंगचा संशय होता, म्हणून भाड्याचं जनरेटर. खुराकाची, म्हणजे सीरमची, महिन्याची बाटली पंधरवड्यातच आटत होती. त्याबद्दल पुरवठादाराला कडक पत्र. बेबीताई भाचीच्या लग्नाला उमरखेडला गेल्या, तेव्हा बश्यासुद्धा तिनेच धुतल्या.

दहाव्या दिवशी निळ्या बशीत लांबच लांब तंतू होते. एक तर चक्क फडफडला. लाल बशीत तीच जुनी गर्दी.

सरांनी तिची पाठ थोपटली आणि जनरेटर कायमचं घेण्याचा अर्ज लिहायला घेतला. पुरवठादाराचंही माफीपत्र आलं.

दुसऱ्या दिवशी बेबीताई लग्नातली बुंदी घेऊन आल्या.

"पाहा ताई, जमलं!"

बेबीताईंनी डोळा लावला. मग त्यांनी हाताला स्पिरिट लावलं आणि खणातून ड्रॉपर काढला.

"अवो माय! वाळून पार काड्या झाल्या लेकरांच्या. मी आठ दिवस काय नव्हती, कोणी थेंबभर चारलं नाही यायले!"