विहिरीकडच्या पट्ट्यातला गहू

गेणभाऊंनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि सारजाबाईचे डोळे बांधले. गाठ ओढून पाहिली. शेजारी म्हणून त्यांना पंच नेमलं होतं, आणि ते काम त्यांनी फारच मनावर घेतलं होतं.

"दिसतंय का काय, वहिनी?"

"तुमचं तोंड दिसत न्हाई, तेवढं बरं हाय, भावजी," सारजाबाई म्हणाली.

बाळासाहेबानं आईपुढं ताट ठेवलं. ताटात दोन पोळ्यांचे तुकडे होते. एक पोळी मोठ्या वावरातल्या गव्हाची. तिथं यंदा त्यानं तणनाशक मारलं होतं. दुसरी विहिरीकडच्या पट्ट्यातल्या गव्हाची. त्या पट्ट्यात पंप पाठीला लावून यायला आईनं त्याला साफ मनाई केली होती. सून आरतीला सोबत घेऊन तिनं तो सगळा हातानं खुरपून काढला होता.

फवारणीनंतर मोठ्या वावरातला गहू पिवळा पडला होता. काही दिवस जागचा हलला नाही, मग हळूहळू हिरवा झाला. एकरी उतारा पट्ट्यापेक्षा चांगलाच आला. बाळासाहेबाच्या लेखी विषय तिथं संपला. सारजाबाईच्या लेखी तो तिथून सुरू झाला.

"औषध पचवण्यातच त्याची ताकद गेली," ती म्हणायची. "मग दाण्यात काय भरलं आसंल त्यानं? वरून टपोरा, आत नुसता भुसा. माझ्या नातवंडांच्या ताटात न्हाई चालायचा."

घरात पिठाचे दोन डबे झाले. नातवंडांना एका डब्यातली पोळी, त्यांच्या बापाला दुसऱ्यातली. बाळासाहेबानं महिनाभर सोसलं आणि एके दिवशी ताटावरच पैज लावली.

"डोळे झाकून वळखून दाखव. वळखलंस तर पट्टा तुझा, मी पंप घेऊन फिरकायचो न्हाई. न्हाई वळखलंस तर पुढच्या साली तिथंबी फवारणी."

पैजेची बातमी सगळ्या पिंपरी पेंढार गावात झाली. बहुतेकांचा कौल बाळासाहेबाकडं होता. "खोडदच्या त्या दुर्बिणीच्या अँटेनांना आभाळातलं ऐकू येतं म्हणं," गेणभाऊ सांगत सुटले होते, "आता म्हातारीच्या जिभेला काय ऐकू येतंय बघू."

सारजाबाईनं पहिला तुकडा तोंडात घातला. मग दुसरा. दोन्ही बराच वेळ घोळवले. बाळासाहेब गालात हसत होता. आरती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिचा चेहरा उतरला होता.

"ह्यो पट्ट्यातला," सारजाबाई म्हणाली.

बरोबर होतं. बाळासाहेब म्हणाला, अंदाज लागला असंल. गेणभाऊंनी ताट फिरवून पुन्हा ठेवलं. पुन्हा बरोबर. मग त्यांनी पोळ्यांचे नवे तुकडे केले, ताट दोनदा उलटसुलट फिरवलं, उगाच घसा खाकरला. सारजाबाईनं पुन्हा पट्ट्यातलाच तुकडा उचलून धरला.

"हरलास, बाळासाहेब," गेणभाऊंनी निकाल दिला. उपरणं सोडून ते ही बातमी सांगायला पाराकडं निघाले, तेही जरा घाईनंच.

बाळासाहेबानं शब्द फिरवला नाही. "पट्टा तुझा," एवढंच म्हणाला. मग ताटातले दोन्ही तुकडे एकेक करून स्वतः खाऊन पाहिले. कपाळाला आठी घालून काही वेळ चावत बसला आणि गोठ्याकडं निघून गेला.

तो दिसेनासा झाल्यावर सारजाबाईनं सुनेला खुणेनं जवळ बोलावलं. हसू तिच्या तोंडात मावत नव्हतं.

"पोरी, जिकलो आपण. ठरल्यापरमाणं पट्ट्यातल्या पिठात साखर घातलीस म्हणून निभावलं. न्हाई तर दात पडल्यापासून मला मेल्या सगळ्या पोळ्या सारख्याच लागत्यात." तिनं आवाज आणखी खाली आणला. "पर पुन्हा कधी येळ आली तर हात जरा सैल सोड. लई कमी पडली गं साखर. गोडी सापडंपर्यंत जीव निम्मा झाला."

आरतीनं पदराची गाठ सोडली आणि त्यातली साखरेची पुडी सासूच्या तळहातावर ठेवली.

"पीठ मळल्यापासून शेवटची पोळी भाजस्तोवर हे चुलीपाशी राखणीला बसले व्हते, आत्या. मला घालताच आली न्हाई."