चारही बाजूंनी पाणी

रुपराव गुरुजींनी नकाशावर पेन्सिल टेकवली आणि ओट्यावरची माणसं पुढे वाकली.

"हे अथेन्स. इथपर्यंत विमान. इथून पुढं सहा तास बोट. आन हे आपलं बेट."

'आपलं' म्हणण्याइतकं ते बेट नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या त्या गल्लीचं झालंच होतं. टीव्ही अजून गल्लीत यायचा होता. त्यामुळे संध्याकाळी लोक गुरुजींचा नकाशा बघायला जमत. गुरुजींचा मुलगा मिलिंद एका ग्रीक मालवाहू जहाजावर इंजिनिअर होता. जहाज दुरुस्तीला लागलं होतं, म्हणून मे महिनाभर तो त्या बेटावर खोली घेऊन राहणार होता. आईबाबांनी यावंच, असा त्याचा हट्ट. पासपोर्ट त्यानं मागच्या सुट्टीतच काढून दिले होते, तिकिटंही तोच पाठवणार होता. इकडून फक्त होकार जायचा होता. त्यानं धाडलेलं चित्राचं कार्ड, पांढरी घरं आणि निळंशार पाणी, हातोहात फिरून कडेनं मळलं होतं.

गुरुजींनी सारा जन्म शाळेत भूगोल शिकवला होता. त्यांनी बेत असा आखला, की ऐकणाऱ्याच्या पायाला वाळू लागावी. सकाळी समुद्रात डुंबायचं. दुपारी होडीतून पलीकडची गुहा बघायची. संध्याकाळी डोंगरावर चढून सूर्य बुडताना पाहायचा.

"आन ज्या मिलिंद राजाचं नाव पोराले ठेवलं, तो ग्रीकच होता," गुरुजी म्हणाले. "भंतेजीले प्रश्न विचारून विचारून शेवटी धम्माले लागला. त्याच्या बापजाद्याचा मुलूख पाहाले नको?"

"मंग पक्कं ना गुरुजी?" शेजारच्या देवाजीनं विचारलं.

गुरुजींनी मोठा उसासा सोडला आणि मान घराकडे वळवली. "मी त एका पायावर तयार आहो गा. पन आमची शामला. पान्याले भेते."

सगळ्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या. शामलाबाईंचा भित्रेपणा गल्लीत प्रसिद्ध होता. रामटेकला गेले तेव्हा खिंडसीच्या तलावावर होडीची तिकिटं काढून दोघं काठावरूनच परत आले. बाई भ्याल्या. जत्रेत आकाशपाळण्यापाशी लहानगा मिलिंद रडून रडून थकला, पण कुणी वर बसलं नाही. बाई भ्याल्या. मुंबईला त्याचं जहाज बघायला गेले आणि शिडी न चढता खालूनच हात हलवून आले. तेव्हाही बाईच भ्याल्या. हे सगळं अर्थात गुरुजींनीच वेळोवेळी ओट्यावर सांगितलेलं. बाईंनी ते कधी खोडून काढलं नाही. मोरीत साप निघाला तेव्हा याच बाईंनी तो काठीवर घेऊन नाल्यापलीकडे सोडला होता. गुरुजी तेवढा वेळ पलंगावर उभं राहून सूचना देत होते. पण हा विषय ओट्यावर निघत नसे.

शामलाबाई पदराला हात पुसत दारात आल्या.

"त्याले कळवून टाका," त्या म्हणाल्या. "आमी दोघंबी येऊन राहिलो."

गुरुजींच्या हातातली पेन्सिल घरंगळत पायरीखाली गेली. ती उचलायला कुणी वाकलं नाही.

"बाई, पान्याचं भेव नाही वाटत का वं?" समोरच्या इंदूबाईंनी विचारलं.

"वाटन त वाटन. दोन वर्सं झाले, पोरगं डोयानं पाहिलं नाही."

गुरुजींना एकाएकी बऱ्याच अडचणी आठवल्या. महिनाभर घर कोण बघणार? इंदूबाई म्हणाल्या, मी बघते. तिथलं ऊन सोसेल का? नागपूरचा मे महिना काढलेल्या माणसानं हे विचारावं, याचं देवाजीला मनापासून हसू आलं. जेवणाचे हाल होतील, असं गुरुजी म्हणेपर्यंत शामलाबाईंनी तिखट, सांडगे आणि लोणचं नेण्याचं ठरवूनही टाकलं. शेवटी गुरुजींनी गुडघा पुढे केला. पण ते कालच सायकल मारत सीताबर्डीला जाऊन आले होते आणि ते सगळ्या गल्लीनं पाहिलं होतं. इतके दिवस बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात चालला होता. आता पानं मांडली गेली होती.

मंडळी आनंदानं उठून गेली. गुरुजी नकाशाची घडी घालत स्वयंपाकघरात आले. घडी काही केल्या नीट बसेना. त्यांनी दार लोटून घेतलं.

"शामला," ते हळू आवाजात म्हणाले, "सहा तास आहे वं. चारही बाजूनं पानी."

"बेट आहे ते. तुमीच शिकवत होते पोराइले."

"तू नाही म्हन ना. एक बार. खिंडसीच्या बारीले माह्यासाठी म्हनलं होतं, तसंच."

शामलाबाईंनी तवा खाली उतरवला. त्या रागावल्या नाहीत. त्यांना हसू येत होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

"तीस वर्सं तुमच्या वाट्याचं भेव मी भेली. काही म्हनलं का? पन या बारीले पल्याड पोरगं उभं आहे. आता तुमचं तुमी भ्या. ओट्यावर एकटे बसून भ्या, नाही त बोटीत माह्या बाजूले बसून."