दीडपट अक्षरं

दुपारचे बारा वाजत आले होते. रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात तंत्रज्ञ दुसऱ्यांदा आला.

"आता काय मोडलंत, ताई?"

"मी नाही, तू मोडलंस. खालच्या कोपऱ्यातलं घड्याळ गायब आहे. माझी सुटी झाली ते कळणार कसं?" फोन घेणारी म्हणाली.

सकाळी नवे मॉनिटर बसले होते. अक्षरं मुंगीएवढी दिसत, म्हणून त्यानेच ती दोन्ही टेबलांवर दीडपट करून दिली होती. पण कक्षाची जुनी प्रणाली नव्या संगणकावर चालत नसे. तिच्यासाठी आत एक आभासी संगणक, म्हणजे संगणकातच चालणारा दुसरा संगणक, मांडलेला होता. बाहेर अक्षरं वाढली, हे आतल्याला कळलंच नाही. तो जुन्याच मापाने चित्र काढत राहिला आणि ते मॉनिटरवर मावेना.

तो सेटिंग चाळत असतानाच फोन वाजला. पुन्हा तेच आजोबा, सकाळी बायकोसाठी गाडी मागणारे.

"पोरी, गाडी नाही आली गं अजून. हिला आता श्वास घेववत नाही."

"आजोबा, गाडी निघालीय. सारखा फोन नका करू, लाइन अडते."

ती खोटं बोलत नव्हती. ताटकळणाऱ्यांची यादी सकाळपासून भरलेलीच होती. नवी ओळ वर येई, जुन्या खाली सरकत. गाडी सुटली की ओळ पुसली जाई. आजोबांची ओळ तिनेच भरली होती, खाली जाताना पाहिली होती. मग ती दिसेनाशी झाली. म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या मावशींनी गाडी दिली. एकमेकींना विचारायची इथे पद्धतच नव्हती. ओळ गेली की काम झालं.

"घ्या, बसलं," तंत्रज्ञ म्हणाला. चित्र आक्रसलं, चारही कडा आत आल्या. कोपऱ्यात घड्याळ उमटलं. घड्याळाच्या वर एक ओळ होती. आजोबांची, सकाळची, उशीर झाल्याने लाल झालेली.

"मावशी, ही तुम्ही दिलीत ना?"

मावशी उठून आल्या. वाकून वाचलं.

"मला वाटलं, तू दिलीस."

गाडी लगेच सुटली. ती आजोबांचा नंबर लावत राहिली. रिंग जात होती, कुणी उचलत नव्हतं. मग दुसऱ्या लाइनवर चालक आला.

"ताई, घराला कुलूप आहे. शेजारी म्हणतात, म्हाताऱ्याने बायकोला खुर्चीत बसवलं, गल्लीतल्या दोघा पोरांनी खुर्ची उचलली आणि चालतच निघाले. कुठल्या दवाखान्यात, कुणालाच ठाऊक नाही. आत फोन वाजतोय. तुम्हीच लावताय का?"