दुप्पट खोकी

डायलिसिसच्या पिशव्यांची दुप्पट खोकी दारात उतरली, तशी कुमुदिनी वैतागली. पिशव्यांचं कंपनीचं कपाट समोर येणाऱ्याचा श्वास हुंगून, त्याची किडनी कितपत चालते ते ओळखून स्वतःच माल मागवायचं. बिघडलं असणार मेलं! तिने कंपनीला फोन लावला.

“अहो, आमच्याकडे पेशंट एकच. आमचे हे.”

पलीकडची मुलगी जरा घुटमळली. “काकू, कपाट रोज तुम्हीही उघडता ना? अर्धी खोकी तुमच्या नावावर आहेत. लवकर तपासून घ्या.”

आतून भास्कररावांनी विचारलं, “काय गं, काय झालं?”

“काही नाही हो, चुकून जास्तीची आलीत.”

संध्याकाळी त्यांची पिशवी काढायला ती कपाटापाशी गेली. दार उघडण्याआधी तिने श्वास रोखून धरला.