गिरणीचा भोंगा

मायक्रोबस सुटायच्या बेतात होती आणि भोंगा वाजला.

बयूमीचा पाय पायरीवरच अडकला. गिरणीचाच भोंगा. सरकारने गिरणीला टाळं लावून पाच वर्षं झाली होती. त्याआधी अख्खं गाव त्या आवाजावर उठायचं, जेवायचं, लग्नाच्या वेळा ठरवायचं. बयूमीच्या बापाने आणि मग बयूमीने त्याच आवाजाला चपला पायात घातल्या होत्या.

"चढतोस का आता?" ड्रायव्हर कातावला. "वाळवंटातल्या त्या कारखान्यात आज तोंड दाखवलं नाहीस, तर जागा गेली म्हणून समज."

इनशिराहने भाकऱ्यांचं गाठोडं नवऱ्याच्या हातात कोंबलं. "चढा हो, अबू सफिया," लेकीच्या नावाने हाक मारत ती म्हणाली. "माझ्या भावाने चार जणांच्या हातापाया पडून ही जागा मिळवलीय."

"गिरणी सुरू झाली असेल तर? पहिल्या दिवशी जो दारात नसेल, त्याचा माग दुसऱ्याला जाईल."

"आणि नसेल सुरू झाली, तर?"

पुन्हा भोंगा वाजला. गल्लीतली दारं धडाधड उघडली. गिरणीतले जुने निळे डगले चढवत माणसं धावत सुटली. कोणी बटणं उलटसुलट लावलेली, कोणी दाढीचा साबण तसाच. शेजारचा अतवा तर ओरडलाच, "अरे, मुहूर्त बघतोस की काय?"

बयूमी उतरला. ड्रायव्हरने त्याच्याकडे बघितलंही नाही. गाडी धूळ उडवत निघून गेली.

बयूमीही धावला. त्याला एकच गोष्ट खटकत होती. गिरणी कालव्यापलीकडे, आणि आवाज येत होता बाजाराकडून. वाऱ्यामुळे तसं वाटत असेल, असं त्याने मनाला समजावलं. पण आवाज एका जागी थांबेना. तो जवळ येत होता.

मशिदीच्या कोपऱ्यावरून एक पिकअप वळली. टपावर दोरखंडाने करकचून बांधलेला गिरणीचा भोंगा होता. त्याच्याशेजारी निवडणुकीला उभे राहिलेले हाजी मुतवल्ली हात हलवत होते. समोर निळ्या डगल्यांची एवढी गर्दी बघून त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी माइक तोंडाशी धरला.

"भावांनो, गिरणी भंगारात गेली. पण तिचा आवाज मी जाऊ दिला नाही."